पणजोबा कोणत्या कागदात?

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे एका विद्यार्थ्याची नोंद आहे. दाखल झाल्याची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली, नाव भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे बाबासाहेब. याच तारखेमुळे ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि ही ओळ पाहायला लोक मुद्दाम साताऱ्याला जातात. घराण्याचा माग काढणाऱ्याच्या नजरेनं ती वाचली, तर मात्र तिच्यात एक गोम आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी, आजोबा मालोजी. दोघंही लष्करातले, आणि घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. बाबासाहेबांचा जन्म मात्र महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा.

आता समजा, हे घराणं असं जगाला माहीत नसतं आणि कुणी पणतू फक्त शाळेचा दाखला हातात घेऊन निघाला असता. आंबडव्याच्या महसुली दप्तरात तो 'आंबेडकर' शोधत बसला असता आणि रिकाम्या हातानं परतला असता, कारण तिथं सकपाळ आहेत. जन्माची नोंद गावात मिळाली नसती, कारण जन्म गावात झालाच नव्हता. आजोबांचा पत्ता गावापेक्षा पलटणीच्या कागदांत लागण्याचा संभव अधिक. तीन पिढ्यांत आडनावं दोन, गावं तीन आणि कागद ठेवणारी खाती निरनिराळी. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचं थोड्याफार फरकानं असंच आहे.

आपल्याकडे पूर्वजांचा शोध हौसेपेक्षा गरजेपोटी जास्त होतो. मुलाचा इंजिनीअरिंगचा किंवा मेडिकलचा प्रवेश तोंडावर येतो, जात पडताळणीची फाईल अडते, आणि घरात पहिल्यांदाच प्रश्न निघतो, की पणजोबांचं पूर्ण नाव काय होतं? पडताळणीसाठी ठरावीक तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळे एरवी आजोबांच्या मागे न जाणारी माणसंही तालुक्याच्या रेकॉर्ड रूमची पायरी चढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, तेव्हा तर हा शोध राज्यभर पसरला. महसुली कागद आणि शाळांची रजिस्टरं तपासली गेलीच. तुरुंगांची आणि दारूबंदी खात्याची जुनी दप्तरंही उघडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या. मराठवाड्यात कागद उर्दूत, पश्चिम महाराष्ट्रात मोडीत. एरवी चार उत्साही मंडळींपुरता उरलेला मोडी वाचक एकाएकी भाव खाऊ लागला.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. यातला एकही कागद आपल्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून लिहिलेला नव्हता. सरकारला सारा हवा होता, उपाध्यायाला यजमान हातचा जाऊ द्यायचा नव्हता, वतनदाराला चुलत्यावर दावा लावायचा होता. त्या लिहिण्याच्या ओघात पणजोबा एखाद्या ओळीत सापडून गेले. म्हणून अनुभवी शोधक 'नाव कुठं मिळेल' असं विचारत नाही. पणजोबांशी कुणाचं काय काम होतं, हे आधी विचारतो.

सर्वांत जास्त लोक ज्या कागदाच्या मागे असतात, तो म्हणजे जुना गाव नमुना १४, बोलीत कोतवाल बुक. गावात कुणी जन्मलं किंवा मेलं की कोतवाल खबर आणायचा आणि पोलीस पाटील नोंद करायचा. ही पानं आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कापडी बस्त्यांत बांधलेली असतात. कोपरे झडलेले, शाई तपकिरी पडलेली, पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून यावा इतकी ती ठिसूळ झालेली. नक्कल मागायची तर गावाचं नाव आणि साल सांगावं लागतं, आणि साल माहीत नसलं तर चार-पाच वर्षांची पानं नजरेखालून घालावी लागतात.

आणि मग नोंद सापडते, तीही अर्धीमुर्धी. जन्माच्या पानावर तारीख, 'रामा बिन भिवा' अशा धाटणीचं बापाचं नाव, जात, आणि पुढच्या रकान्यात नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव नाही. ते असणार तरी कसं? कोतवालानं खबर दिली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि नंतर त्या रकान्याकडे परत कुणी वळलं नाही. आडनाव बहुधा नसतंच. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, एवढ्यावर गावाचं भागत असे; गावात सगळेच एकमेकांना ओळखत. जातही कित्येकदा एका-दोन अक्षरांत उरकलेली. अशा वेळी हा 'रामा बिन भिवा' आपलाच कशावरून, हे ठरवायला दुसरा कागद लागतो. मृत्यूच्या पानांवर नाव, वय आणि कारण असतं. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग आणि अतोनात वेळा नुसता 'ताप'. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मुंबई इलाख्यात लाखो बळी घेतले. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं ज्यानं चाळली आहेत, त्याला साथीचा इतिहास निराळा वाचावा लागत नाही.

शाळेचं रजिस्टर त्या मानानं बोलकं. विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. ज्यांची मुलं शाळेत गेली त्यांचंच हे भाग्य, हे उघड आहे. शिवाय जन्मतारखेवर फार विसंबू नये. महाराष्ट्रात १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमाला धरून नाही. शाळा जूनमध्ये सुरू होत, बापाला तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी मुलाचा अंदाज घेऊन त्याला पुरेसं वय मिळेल असा १ जून मांडून मोकळे होत. पोरगा थोराड दिसला तर एखादं वर्ष जास्त. त्याच तारखेवर पुढे माणसं नोकरीला लागली आणि निवृत्तही झाली.

जमीन असलेल्या घराचा माग काढायला सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे फेरफार. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली आणि पुढच्या दशक-दीड दशकात गावोगावी फेरफाराच्या वह्या सुरू झाल्या. आजच्या सातबाऱ्यावर नावाखाली किंवा शेजारी जे आकडे असतात, ते या फेरफारांचे क्रमांक. एक आकडा धरून त्याची नक्कल काढायची, त्यातल्या मयत माणसाचं नाव घेऊन आधीचा आकडा गाठायचा, आणि असं मागे मागे जायचं. वारसाची नोंद साधारण एकाच मुशीतली. अमुक तारखेस अमुक मयत, त्यास वारस मुलगे इतके, त्यांची वयं, बायको, वर्दी कुणी दिली, हरकत आली की नाही. वारसांची वेगळी वही म्हणजे नमुना ६ क. हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्या नावाला कंस केलेला दिसतो, ते नाव कमी झालेलं असतं. वंशावळ काढणाऱ्यासाठी नेमकी ती कंसातली नावं मोलाची. राज्य सरकारनं बऱ्याच जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत, त्यामुळे यातला काही भाग आता घरबसल्या होतो.

या कागदांत बायका कुठं आहेत, हा प्रश्न शोधकांनी फार उशिरा विचारायला सुरुवात केली. नवरा अकाली गेला आणि मुलगे अज्ञान असले, तर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून तिचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान झाला की आणखी एक फेरफार पडतो आणि आईचं नाव कमी होतं. मुलींचं तर आणखी विचित्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या वारसांत मुलींची नावं येऊ लागली, आणि पुष्कळ ठिकाणी एक-दोन फेरफार पुढे गेलं की 'हक्कसोडपत्रान्वये' ती निघून गेलेली दिसतात. पण त्या एका नोंदीत तिचं माहेरचं नाव, सासरचं आडनाव आणि सासरचं गाव एकत्र मिळतं. एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात जाण्याची वाट त्या ओळीतून निघते. भावानं बहिणीचा हिस्सा सोडवून घेताना केलेला कागद आज तिच्या पणतीच्या कामी येतो. ज्या घरांतून श्राद्धपक्ष नेमानं होतात, तिथं आणखी एक मार्ग आहे. तर्पणात बाप, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचेही तीन पुरुष घेतात. कागदावर नसलेली पणजी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी या विधीपायी टिकून असते.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती? त्यांच्यासाठी १९४८ चा कुळकायदा हा मोठा टप्पा. कसणाऱ्यांची नावं 'कुळ' म्हणून इतर हक्काच्या रकान्यात चढली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कलम ३२ ग खालची प्रकरणं चालली, आणि त्यांत कुळाचे जबाब, जमीन किती वर्षं आणि कुणापासून कसत आलो याच्या हकिगती नोंदल्या गेल्या. सरकारी कागदात माणूस स्वतःच्या तोंडानं बोलतोय असं क्वचित घडतं, ते इथं घडतं. महार वतन आणि इतर कनिष्ठ गाववतनं १९५९ पासून नष्ट झाली. त्या वेळच्या आणि त्याआधीच्या वतनाच्या कागदांतही अशी नावं मिळतात, जी कोणत्याही सातबाऱ्यावर कधी आली नव्हती.

सरकारच्या आधीपासून आणि सरकारपेक्षा नेटानं नोंदी ठेवणारे म्हणजे तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, आणि उत्तरेत काशी, प्रयाग, गया. यात्रेकरू उतरला की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. माणसाच्या नावाशी त्यांना आधी कर्तव्य नसतं, कारण यजमानांची वाटणी गावावर, मुलखावर आणि जातीवर झालेली असते. आपले उपाध्ये कोण ते ठरलं की लांबट वह्यांचा गठ्ठा खाली येतो. तिथं पूर्वी येऊन गेलेल्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हातानं, किंवा लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून, मजकूर लिहून दिलेला असतो. आपलं, बापाचं, आजाचं नाव, भाऊ, चुलते, मुलगे, सोबत कोण आलं, कशासाठी आलं, शके आणि तिथी. मजकुराचा साचा ठरलेला. आम्ही तुम्हास उपाध्ये मानलं, आमच्या वंशातला जो येईल तो तुम्हासच मानील, असा त्याचा आशय. म्हणजे हा लेख वंशावळ कमी आणि करारनामा जास्त. दोन उपाध्यायांत यजमानावरून तंटा झाला तर जुना लेख ज्याच्याकडे, त्याचा हक्क. म्हणून वह्या जपल्या गेल्या, वाटण्यांत आल्या, आणि खराब झाल्या तर नव्यानं उतरवल्या गेल्या. उतरवताना चुका शिरल्या असतील हे धरून चालावं. तरीही सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, पुढचा २०२७ चा, आणि ज्या घराण्यातली माणसं सिंहस्थाला नेमानं गेली, त्यांच्या पिढ्या दोनशे-अडीचशे वर्षं मागे सलग लागू शकतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं महत्त्व परदेशातही ओळखलं गेलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेनं गेल्या शतकात त्यांच्या मायक्रोफिल्म करून घेतल्या.

उपाध्यायाकडे यजमान जातो. हेळवी मात्र यजमानाच्या दारी येतो. कोल्हापूर, सांगली, दक्षिण सोलापूर आणि सीमाभागातल्या जुन्या माणसांना सुगीनंतर सजवलेला बैल घेऊन येणारा हेळवी चांगला आठवतो. ठरलेली गावं, त्यांतली ठरलेली घरं. दारात बसून तो घराण्याच्या पिढ्या म्हणतो. मूळ पुरुष कुठून आला, भाऊ कुठल्या गावी फुटले, कुणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक गेला. मागच्या खेपेनंतर झालेली मुलं वहीत चढवतो, धान्य आणि बिदागी घेतो आणि पुढच्या घरी जातो. हेळव्याच्या वहीची गंमत अशी, की तिच्यात शेतकरी, धनगर अशी ज्यांचं कुणी दप्तर ठेवीत नसे ती घराणीही आहेत. आज त्यांच्यातली तरुण मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत आणि वह्या उघडायला माणूस उरत नाही, ही खरी नुकसानीची गोष्ट. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी इकडे यावं तितकं लक्ष दिलेलं नाही.

ब्रिटिश अमदानीच्या पलीकडे जायचं तर मोडीला पर्याय नाही. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागाराला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. १८९१ साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीत कापडात बांधलेले सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, आणि तो सगळ्या साठ्यातला अगदी किरकोळ हिस्सा. पण तिथं गेल्याबरोबर पणजोबा भेटतील ही समजूत सोडूनच आत शिरावं. घराणं वतनदार, इनामदार, शिलेदार, निदान एखाद्या तंट्यातला वादी-प्रतिवादी असलं, तर आशा. तारीख लावायची म्हणजे निराळीच विद्या. 'सन इहिदे अशरीन मया व अलफ' असं काही दिसलं, तर इहिदे एक, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११२१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १७२०-२१ येतं. फसली असेल तर ५९०-५९१ मिळवायचे, शके असेल तर ७८-७९. मराठवाड्यातल्या कागदांत फसली आणि हिजरी दोन्ही असल्यानं तिथं सावध राहावं लागतं.

अठराव्या शतकातल्या वंशावळी बहुतेक भांडणातून जन्मल्या. वतनाचा वाद गोतसभेपुढे किंवा सरकारात गेला, की दोन्ही पक्ष आपापला करीना देत, म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीगत. वडील शाखा कोण, धाकटी कोण, वतन कुणाच्या आज्यानं मिळवलं. प्रतिपक्षाच्या करीन्यात तोच आजा दत्तक तरी असतो, नाहीतर दासीपुत्र. पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशननं १८५२ च्या कायद्यानुसार इनामदारांकडून पुरावे मागितले, तेव्हा इनाम मूळ इनामदाराच्या वंशातच चालत आलंय हे दाखवण्यासाठी पुन्हा वंशावळी सादर झाल्या. अशी वंशावळ हाती आली की आनंद होतो खरा, पण ती वकिलाच्या युक्तिवादाइतक्याच विश्वासानं वाचावी. हिश्शाला धोका असणारी शाखा तिच्यात गायब असू शकते. निकालाचा महजर मिळाला तर साक्षीदारांची नावं वाचावीत, कारण पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार अशी गावची हजेरीच त्यात लागलेली असते.

घरात ठेवलेल्या टिपणाचं मोल केवढं असू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण भोरजवळच्या कारी गावचं. तिथल्या जेधे देशमुखांच्या दप्तरात घराण्याचा करीना होता आणि तारीखवार घटनांची एक शकावली होती. ती शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जात होता. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. वाद पुष्कळ झाला, शिवभारत आणि राजस्थानात सापडलेली कुंडली यांचा तिला आधार मिळाला, आणि आजची सरकारी शिवजयंती त्या तारखेवर उभी आहे.

छापील वंशावळींची मराठीत स्वतंत्र परंपरा आहे ती कुलवृत्तान्तांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातल्या ब्राह्मण घराण्यांनी हे काम हाती घेतलं आणि पुढे इतरांतही ते रुजलं. एका आडनावाचं मंडळ स्थापन होतं, गावोगावी फॉर्म जातात, निवृत्त पोस्टमास्तर किंवा शाळामास्तर अशी कुणी चिकाटीची व्यक्ती वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहते, आणि एक दिवस हजार पानांचा ग्रंथ निघतो. प्रत्येक पुरुषाला क्रमांक, जन्म, शिक्षण, नोकरी, कुणाची मुलगी केली, मुली कुणाला दिल्या. जुन्या ग्रंथांत मुलगी लग्नाच्या ओळीपाशी संपते. अलीकडच्या आवृत्त्यांनी तिचा वंशही घ्यायला सुरुवात केली आहे. या ग्रंथांतला सर्वांत प्रामाणिक भाग म्हणजे शेवटी येणारं 'न जुळलेली घराणी' हे प्रकरण. पिढी सांधत नाही म्हणून ही घराणी बाजूला ठेवली आहेत, असं संपादक तिथं कबूल करतो. ज्या वंशवेलीला असं प्रकरणच नाही आणि जी थेट एखाद्या ऋषीपर्यंत किंवा सूर्यापर्यंत जाते, ती भिंतीवर लावायला छान.

गोव्यात चित्र निराळं. ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नांची पुस्तकं, हिंदू घरांसाठी देवळाच्या महाजनांच्या याद्या आणि गावकारीचे कागद, आणि विसाव्या शतकात सर्वांसाठी पोर्तुगीज नागरी नोंदणी. तिथं 'शेणै'चं 'सिनाय' झालेलं असतं, एवढं ठाऊक नसेल तर शोध पहिल्याच पायरीवर अडतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येत असल्यानं या नोंदींच्या नकलांना कायम मागणी असते.

आणि मॉरिशस. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबई बंदरातून गेले त्यांत रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा भागातली माणसं होती. त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येकाला क्रमांक, जहाजाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, बापाचं नाव, जिल्हा, परगणा, गाव आणि ज्या मळ्यावर पाठवलं त्याचं नाव. १८६० च्या दशकापासून पुढे अनेकांचे फोटोही आहेत. त्याच काळात कोकणात राहिलेल्या अशा मजुराच्या सख्ख्या भावाची उंची कुणी मोजली नाही आणि फोटो तर लांबच राहिला. एवढी आस्था अर्थात मळेवाल्यांच्या सोयीसाठी. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसेल तर भटक्या म्हणून पकडलं जाई. माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून केलेल्या त्या फोटोच्या प्रती आज त्याच्या वंशजांच्या दिवाणखान्यात लागल्या आहेत.

मॉरिशसच्या मराठी माणसाला मूळ पुरुष लवकर सापडतो, कारण बहुधा तेच त्याचं आडनाव असतं. कारकुनानं मजुराचं पहिलं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या पिढ्यांना ते आडनाव म्हणून चिकटलं. तिथला पहिला सार्वजनिक गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबानं बसवला असं सांगतात. भिवाजी हे नाव ऐकताच कोकणातल्या माणसाला ते कुणाचं तरी पाळण्यातलं नाव असणार हे कळतं. अडचण पुढे येते. देशातलं खरं आडनाव कागदावर नाही, आणि गावाचं नाव इंग्रजी किंवा फ्रेंच कानानं ऐकून लिहिलेलं. ते अक्षरशः वाचून नकाशावर काही मिळत नाही. जिल्हा धरायचा, परगण्यावरून तालुका ठरवायचा, त्या तालुक्यातल्या गावांची यादी समोर ठेवून नाव मोठ्यानं उच्चारत बसायचं. दोन-तीन गावं जुळतात. मग त्या प्रत्येक गावी जाऊन त्या जातीची वाडी कुठली, तिथं कुठली आडनावं आहेत, आणि समुद्रापार गेलेल्या कुणाची आठवण आहे का, हे विचारायचं. मॉरिशसला जुन्या लोकांत कोणतं नाव होतं, हे प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक असलं तर बरं; मॉरिशस म्हटल्यावर म्हातारी माणसं मान हलवतात.